मागचा उजेड

"हे जादाचे दिवे पुढे नाही, मागे बसवा," असं म्हणत सुमित्रा सिस्टरांनी मोटरसायकल स्टँडवर लावली, तेव्हा गॅरेजवाले रज्जाकभाई चक्रावले.

"मागून येणाऱ्याचे डोळे दिपतील, सिस्टर!"

"डांबरी रस्त्यावर बंद ठेवीन. वेगळं बटण द्या."

रज्जाकभाईंनी बॅटरीपासून वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, हँडलला बटण बसवलं. हात चालू होते, पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. "मागे असतं तरी कोण?"

"बांबूची झोळी खांद्यावर घेतलेली माणसं," सिस्टर म्हणाल्या. "पाड्यावर जीप चढत नाही. अडलेली बाई झोळीत घालून खाली आणायची, तर मी गाडीवर पुढे, झोळीवाले दोघं मागे. पुढच्या दिव्यात मला वाट दिसते, त्यांना नाही. गेल्या महिन्यात एकाचा पाय घसरला. बाई वाचली, बाळ गेलं."

भर दुपारी रज्जाकभाईंनी शटर ओढून अंधार केला, मागचे दिवे लावले, जुना टायर झोळीसारखा खांद्यावर घेतला आणि सिस्टरांना गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगून मागून चालू लागले. चार पावलांवर थांबले.

"डावा पाय अंधारात राहतोय," ते म्हणाले आणि पाना घेऊन पुन्हा खाली बसले.