अळणी

आईचं ब्लडप्रेशर वाढल्यापासून लेकीने तिचं मीठ बंदच केलं होतं. वर उन्हाळा कडक म्हणून दर तासाला दोन ग्लास पाणी पाजायची. आई गळत चालली आणि एका दुपारी तिने लेकीचा हात झटकला. "बाई, तुम्ही कोण?" लेकीने तडक रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अंगातलं सोडियम फार उतरलंय. नुसतं पाणी पाजून उरलंसुरलंही पातळ झालं. सलाईन हळूहळूच द्यावं लागेल. घाई केली तर मेंदूला धोका." लेक कॉटची दांडी धरून उभी राहिली. आपल्याच हातांनी आईला घालवलं, असंच तिला वाटत होतं. आईने खुणेने बोलावलं. "बाई, माझ्या लेकीला कळवू नका. फार भित्री आहे ती." तिसऱ्या दिवशी आईने तिला नीट निरखलं. "ठमे, केस विंचर आधी." रडता रडता लेकीला कंगवा सापडेना.