मागच्या खोलीचा रंग

"नको, तो नको," नवरा फोनमधून म्हणाला. "ओला आहे म्हणून बरा दिसतोय. वाळला की गडद होतो."

ती फोन हातात धरून भिंतीसमोर उभी होती. रंगाऱ्याने भिंतीवर तीन रंगांचे हातभर पट्टे ओढून ठेवले होते. एक फिकट निळा, एक फिकट हिरवा आणि एक मातकट पिवळा. तिने कॅमेरा निळ्यावरून हिरव्यावर नेला.

"साहेबांना कळतं बरं का," रंगारी म्हणाला.

"त्याला?" सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "जन्मात ब्रश धरला असेल तर तो दात घासायचा. तोही मी मागे लागायचे म्हणून."

सगळे हसले. फोनमधला नवराही हसला, जरा उशिराने.

तिला तर गेला महिनाभर कशावरही हसू येत होतं. नवरा दोन वर्षं नोकरीसाठी दूरच्या शहरात होता. आता ऑफिस घरून काम करू देणार आहे, पुढच्या महिन्यात येतो, असं त्याने सांगितलं आणि ही कंबर कसून कामाला लागली. मागच्या खोलीतली अडगळ उपसली. जुन्या गाद्या देऊन टाकल्या. स्वतःचं शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवलं, तिथे आता येताजाता तिचाच गुडघा आपटायचा. त्याच्या पाठीला बरी पडावी म्हणून दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं, तेव्हा कुठे एक पसंत केली. दुकानदार वैतागला, पण हिला त्याचं काही नव्हतं.

आता राहिला होता फक्त रंग. तो त्याच्याच आवडीचा हवा होता. तिकडे दोन सहकाऱ्यांबरोबर घेतलेल्या खोलीचे पोपडे पडतात, घरमालक साधा खिळा ठोकू देत नाही, हे त्याचं रडगाणं सासूसुनेला तोंडपाठ झालं होतं. दोन वर्षं बिचाऱ्याने तसल्या भिंतींकडे बघत काढली, निदान इथे तरी डोळ्यांना बरं वाटावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"हिरवा दिवसा छान दिसतो," तो सांगत होता. त्याला आता बोलायला सूर सापडला होता. "पण रात्री दिवा लावला की सगळी खोली आजारी वाटते. मग बसा परत खरवडत. आणि एका हातावर ठरवू नकोस. दुसरा हात मारल्यावरच खरा रंग कळतो."

रंगारी काम थांबवून ऐकत होता. "साहेबांनी स्वतः घर रंगवलेलं दिसतंय," तो कौतुकाने म्हणाला.

या वेळी सासूबाई हसल्या नाहीत. त्या फोनकडे बघत राहिल्या.

"तू आपला तो पिवळाच घे," नवरा म्हणाला. "फक्त वासाला जपा. चांगले चारआठ दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. तोवर बाळाला दुसऱ्या खोलीत निजवायचं, नाहीतर रात्रभर..."

तो थांबला.

या घरात बाळ नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, औषधं झाली, आशेवर आशा लावून झाली. शेवटी दोघांनी मिळून तो विषय मिटवला होता. निदान तिला तरी तसं वाटत होतं. सासूबाई नातवंडासाठी आतल्या आत झुरल्या, पण सुनेला कधी एका शब्दाने टोचून बोलल्या नव्हत्या.

"नेट अडकलं वाटतं," रंगारी म्हणाला.

पण नवऱ्याच्या मागचा पडदा हलत होता.

"अहो," ती म्हणाली, "कुणाचं बाळ?"

मित्राचं, शेजाऱ्याचं, कुणाचंही म्हणाला असता तरी तिने विश्वास ठेवला असता. ती तसल्याच एखाद्या उत्तराची वाट बघत होती. मनातल्या मनात ती त्याला उत्तरं सुचवतही होती.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "दर महिन्याला ठरवायचो. मला नाही येता येणार आता."

तिला रडू येईना. त्या खुर्चीची मात्र तिला भयंकर लाज वाटली. भर दुकानात, लोकांसमोर, किती आनंदाने बसून पाहत होतो आपण.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. आता त्या विचारतील, तिला वाटलं. मुलगा की मुलगी, कुणासारखं दिसतं, केवढं झालं. विचारायचा त्यांना हक्कच होता. सख्ख्या मुलाचं मूल होतं ते. ज्याची त्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली ते कुठेतरी जन्मलं होतं, आणि एका शब्दाने ते त्यांना दिसलंही असतं. ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली.

"आई," फोनमधून आवाज आला. "आई, ऐक ना. तुला बघायचंय का?"

सासूबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी अंगठ्याने फोन बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला.

रंगारी अवघडून गेला होता. उगाच ब्रश पुसत होता, पुसलेला परत पुसत होता. दुकान बंद व्हायच्या आत त्याला डबे आणायचे होते. शेवटी त्याने चाचरत विचारलं, "वहिनी... मग कुठला आणू?"

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रंगाऱ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "जो मिळेल तो आणा, भाऊ. भाडेकरूला कुठलाही चालतो."