यादीतलं बिननावाचं यंत्र

अकराला नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि पावणेअकराला धाकटीच्या कॉम्प्युटरवरचं नेट ढिम्म हलेना.

“राउटर बंद करून चालू कर,” दादा ऑफिसातून फोनवर म्हणाला.

“तीनदा केलं. डोकं नको खाऊस.”

प्रयोगशाळेतल्या सवयीने तिने एकेक यंत्र बंद करत राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी तपासली. टीव्ही गेला, प्रिंटर गेला, तिच्या फोनचं वायफाय गेलं. उरला तिचा कॉम्प्युटर आणि एक बिननावाचं यंत्र. सगळं नेट तेच गिळत होतं.

“शेजाऱ्यांनी पासवर्ड ढापला असेल.”

“आत्ताच बदलला. तरी आहे.”

“त्याचा सिग्नल किती?”

“एक दांडी.”

“म्हणजे लांब आहे. ब्लॉक कर की.”

तिने ब्लॉक केलं. ते गेलं आणि दोन दांड्या घेऊन परत आलं. पुन्हा ब्लॉक केलं, तर तीन.

“दादा, हे जवळ येतंय.”

“यंत्राला पाय फुटले का? एमएस्सी झालीस ना तू?”

तिने चिडून फोन ठेवला. घरात ती एकटीच होती. तीन नोंदींवर निष्कर्ष काढायचा नाही, हे अंगात मुरलेलं. तिने तिसऱ्यांदा ब्लॉक केलं. चार दांड्या आल्या. राउटरला खेटून ठेवलेल्या तिच्या कॉम्प्युटरइतक्याच.

तेवढ्यात नेट सुरू झालं. पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या.

“नमस्कार. मुलाखत एकटीने द्यायची असते. तुमच्या शेजारी ज्या बसल्या आहेत, त्यांना जरा बाहेर जायला सांगता का?”