सुईआधी नाव

शाझिया इन्सुलिनची सुई घेऊन खिडकीजवळच्या खाटेपाशी उभी राहिली आणि हसून म्हणाली, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

"कुसाबाई गांगुर्डे."

"मधलं?"

आजी लाजली. अहो, साठी उलटलेली बाई, दिंडोरीकडच्या द्राक्षबागा छाटून हात राठ झालेले, आणि लाजली ती नव्या नवरीसारखी! नवऱ्याचं नाव घ्यायचं? तेही सगळ्यांदेखत? तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं बघायला लागली.

आता पंचाईत अशी, की वॉर्डात कुसाबाई गांगुर्डे दोन होत्या. एक सावळीरामची. तिला शुगर, इन्सुलिन तिचं. दुसरी दत्तूची. तिला शुगर नाही, वर सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी. ही सुई तिला टोचली तर जिवावरच बेतायचं. शाझियाचा या वॉर्डातला पहिलाच दिवस, चेहरे ओळखीचे नाहीत. हातावरचा नावाचा पट्टा म्हणाल, तर काचतो म्हणून आजीनं तो कधीच ओढून काढला होता.

"आजी, सावळीराम गांगुर्ड्यांच्याच ना तुम्ही?" टेबलापासून इन्चार्ज लता सिस्टरनं ओरडून विचारलं. आजीनं मान डोलावली.

"झालं. दे आता शाझिया, ताटं आलीत."

पण शाझियाला काही ते पटेना. "आजी, तुम्हाला शुगर आहे ना?" मान हलली. "कावीळ होऊन गेली?" हलली. "काल विमानातून आलात?"

मान जोरात हलली. लता सिस्टरलासुद्धा हसू आवरेना.

"आसं काय करता?" आजी म्हणाली. "शिष्टर देती ते चांगलंच आसंल. तिला नाय कशाला म्हनायचं?"

शाझियानं सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "नाव तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी टोचणार नाही."

"मालक खाली चहाला गेलेत. त्यांनाच इचार की!"

"ते कधी येणार? आजी, लग्नात कसं घेतलं होतं नाव?"

"तवा उखाण्यात घेतलं व्हतं. उखाण्यात चालतं."

"मग घ्या की उखाण्यात!" शाझिया चांदवडची. गल्लीतल्या कितीतरी लग्नांत पुढं बसून तिनं उखाणे ऐकले होते.

सगळा वॉर्ड उठून बसला. सलाइनवाल्यासुद्धा कोपरावर रेलल्या. "घ्या, घ्या, लाजताय काय!" असा एकच गलका झाला. आजीनं डोक्यावर पदर सारखा केला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"द्राक्षाच्या मांडवाला तारांचा ताण,
दत्तूरावांचं नाव घेते, राखते शिष्टरचा मान!"

टाळ्यांनी वॉर्ड दणाणला. दत्तूराव नेमके चहाचा ग्लास घेऊन दारात आलेले. इतक्या वर्षांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकून गडी जागीच थबकला आणि कानापर्यंत लाल झाला.

शाझियाचे हात मात्र टाळीतच थांबले. "आजी, ही खाट तुमचीच का?"

"नाय गं. माझी ती पंख्याखालची. वारं सोसंना, म्हनून सकाळी आमी दोघींनी आदलाबदल केली."

लता सिस्टर ताडकन उठून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं ट्रेमधली सुई बघितली, आजीकडं बघितलं आणि शाझियाच्या पाठीवर धपाटाच घातला. "वाचवलंस गं बाई! मी तर दे म्हणून मोकळी झाले होते." शाझियाला एकदम इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी असताना तिला हसायलाच यायला लागलं. दत्तूरावांना काय घडलं ते काही कळलं नाही, पण सगळेच हसताहेत म्हणून तेही हसायला लागले.

मग ट्रे उचलून शाझिया पंख्याखालच्या खाटेकडं गेली. दुसरी कुसाबाई केव्हाचीच उठून, मांडी घालून, डोक्यावरून पदर घेऊन तयार बसली होती.

"आजी, तुमचं पूर्ण..."

"सुई ठेव बाजूला," कुसाबाई म्हणाली. "माझा उखाना लांबडा हाय."