लाल चिठ्ठी

"बारा मैल चाललो, पण मत टाकलंच!" एझ्रा, माझा नवरा, दारातूनच ओरडला. मळ्यावरची गुलामी संपल्यावर राज्याच्या गव्हर्नरसाठी त्याने पहिल्यांदाच मत दिलं होतं. त्याला वाचता येत नाही. पण मतपेटीत टाकायची आपल्या पक्षाची छापील चिठ्ठी लाल असते, एवढं ठाऊक होतं. आणि नाक्यावर एक गोरा हसत हसत लाल चिठ्ठ्या वाटतच होता.

एझ्राने दोन घेतल्या होत्या. उरलेली कौतुकाने माझ्यापुढे ठेवली. मी चर्चमध्ये अक्षरं शिकलेय. नावावरून दोनदा बोट फिरवलं.

"काय लिहिलंय?"

"जुन्या मालकाचं नाव. तुझी पाठ फोडायचा त्याचं."

त्याने चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन चुरगळली.

सकाळी मी बरोबर येते म्हणाले होते. तेव्हा हसून म्हणाला, "तिथं बायकांचं काय काम?"