पणती-पुस्तकाचा बिल्ला

भोरच्या रहमतबी शाळांच्या ड्रेसवरचे भरतकामाचे बिल्ले करून द्यायच्या. हिर्डोशीकडची शाळा पोरं कमी म्हणून बंद पडली, तसा तिचा पणती-पुस्तकाचा बिल्लाही बंद झाला. काल त्याच शाळेतली अश्विनी आली आणि तिने नमुना म्हणून आपला जुना बिल्ला पुढे ठेवला. थोरल्या बहिणीच्या खिशावरून उसवून तिच्या खिशावर लावलेला, कडेचे दोरे सुटलेला.

"असेच पंचवीस पायजेत, चाची."

रहमतबींचा चेहरा उजळला. "शाळा सुरू झाली म्हन की! आठवीतनं घरी बसलीस, लई वाईट वाटलं व्हतं बघ. आता पयला बिल्ला तुजाच." त्यांनी लगेच पिवळा दोरा ओवला आणि पणतीची ज्योत भरायला घेतली.

ज्योत पुरी झाल्यावर अश्विनी म्हणाली,

"चाची, शाळेचं हाटेल झालंय. पुण्याच्या पाव्हण्यांना शाळेत बसून जेवायला आवडतं म्हनं. हे वेटरच्या शर्टाला लावायचेत."

रहमतबींचा हात थांबला.



"माजा तेवढा एप्रनवर लावा. भांडी माज्याच वर्गात घासायची हायेत."