अंगदच्या नव्या लेन्स

अंगदच्या पाटोदा-बीड जीपमध्ये पुढची जागा तुळजाबाईची ठरलेली. सहा वर्षं ती बिनघोर डोळे मिटून बसायची. घाट कधी उतरला, तिला कळायचंही नाही. आज मात्र पहिल्याच वळणावर तिची झोप उडाली. अंगदनं करकचून ब्रेक दाबला होता. मागून ट्रकवाला हॉर्न बडवत होता, तरी हा जागचा हलेना. स्टेअरिंग त्यानं दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

निघण्याआधी त्यानं डोळ्यांत काहीतरी बसवलेलं तिनं पाहिलं होतं. बुबुळं वाकडी झाली, चष्मा लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला वाटीसारख्या मोठ्या लेन्स दिल्या होत्या. पाणी भरून डोळ्यांत घालायच्या. आज पहिलाच दिवस.

तुळजाबाई ओरडली, "काढ बाबा ते डोळ्यातलं! त्याच्याबिगर लई बेस चालवत होतास की."

अंगदनं खिडकीतून खाली पाहिलं.

"मावशी, रस्त्याला चिकटून एवढी खोल दरी हाय, हे मला तुमी कदी सांगितलं कावून न्हाई?"